वीतभर बोट आणि तेवीस लाल त्रिकोण

अगं, आधी ऐक. चहा नंतर पी. काल धरणावर जे झालं ना, ते मी अजून घरी पण सांगितलं नाही.

पण एकदम कालचं सांगितलं तर तुला काही समजणार नाही. आमच्या बोटवाल्यांचं हेच आहे. एक किस्सा सांगायला घेतला की त्याच्या आधीचा सांगावा लागते, आणि तो सांगितला की त्याच्याही आधीचा. तीन वर्षांत असा ढीग झाला आहे की धरणात पाणी कमी आणि किस्से जास्त.

हो, बोट. शिडाची बोट. अमरावती जिल्ह्यात. हसून घे एकदाची. समुद्र इथून किती लांब आहे ते आम्हाला पण माहीत आहे.

आम्ही चौघं. गावंडे सर आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवायचे, आता रिटायर. समुद्र त्यांनी आयुष्यात एकदा पाहिला, तोही सहलीच्या बसच्या खिडकीतून. सलीमभाईंचं परतवाड्याला ताडपत्री आणि मांडवाच्या कापडाच्या शिलाईचं दुकान. शोभाताईंचा धरणाच्या काठाला संत्र्याचा बगीचा, बोट त्यांच्याच शेडमध्ये असते. आणि मी, दादाच्या नेट कॅफेत बसणारी. म्हणजे यांचं सगळं जहाजशास्त्र आलं ते माझ्या चार नंबरच्या कॉम्प्युटरमधून.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. बोट पाण्यात उतरवायला धरणाच्या ऑफिसची परवानगी लागते, एका वर्षाची. ती काल संपत होती. सही झाली तर बोट पाण्यात, नाही झाली तर कायमची शेडमध्ये, गुरांच्या कुटाराच्या ढिगाजवळ. आणि सरांनी सांगून टाकलं होतं, "या वयात मी दुसरं धरण पाहायले जात नाही." म्हणजे काय ते समजून घे.

* * *

सर पहिल्यांदा कॅफेत आले तेव्हा मला वाटलं, पेन्शनचा फॉर्म भरायचा असेल. तर म्हणाले, "पोरी, प्लायवूडची बोट कशी बनवतात ते याच्यात निघते का?"

निघते म्हणजे? अगं, ढीगभर निघते. एका परदेशी म्हाताऱ्यानं स्वतःच्या बोटीचे नकाशे फुकट टाकले होते. एकेक फळीचा पूर्ण मापाचा नमुना, पानं जोडून जमिनीवर पसरायचा, फळीवर ठेवायचा, कापायचं. सरांनी तासभर स्क्रीन पाहिला आणि म्हणाले, "हा माणूस शिकवणारा आहे. कुठं चुकाल तेपण लिहून ठेवलं यानं."

मी सगळी पानं छापून दिली. सरांनी चार महिने खपून बोट बनवली. एक खिळा वाकडा नाही. आणि बोट तयार झाल्यावर सर तिच्यात बसले, तर गुडघे हनुवटीला.

माप घेतलं. बोट वीतभर आखूड. रुंदीला पण कमी, उंचीला पण कमी. सगळीकडून सारखी. मी प्रिंटरमध्ये "पानात बसवा" वर टिक ठेवली होती, ती काढायचीच राहिली. प्रिंटरनं इमानदारीनं प्रत्येक पान थोडं थोडं लहान करून पानात बसवलं होतं.

मी रडायच्या बेतात. सर शांत. म्हणाले, "साइटवर लिहिलं होतं, दोन मोठे आणि एक लहान मूल. आता लहान मुलाले घरी ठेवू."

मग त्यांनी त्या म्हाताऱ्याला मेल लिहायला लावला. इंग्रजी त्यांचं, टायपिंग माझं. मजकूर असा, की आदरणीय महोदय, प्रिंटरच्या कारणानं तुमची बोट आमच्याकडे थोडी लहान झाली आहे, तर तिला तुमची बोट म्हणता येईल का.

दुसऱ्या दिवशी उत्तर हजर. म्हातारा म्हणे, आता ती माझी नाही, तुमची आहे, तिला नाव ठेवा आणि मला फोटो पाठवा.

सरांनी नाव ठेवलं, "वीतभर". स्वतः ब्रशनं लिहिलं.

* * *

शीड शिवायचं काम सलीमभाईंचं. त्यासाठी पण साइट आहे. लांबी-रुंदी टाका, कापड कसं कापायचं ते ती सांगते. पण सलीमभाई पहिल्याच ओळीला अडकले. शिडाला पोट पाहिजे म्हणे. सपाट शीड चालत नाही, त्यात वारा भरला पाहिजे.

सलीमभाईंनी चष्मा काढला. "सर, तीस साल से मैं ताडपत्री का पेट मिटा रहा हूँ. पोट आलं का पाणी साचते, पाणी साचलं का गिऱ्हाईक घरी येते. अन् तुमी म्हणता पोट काढा?"

मग मी त्यांना व्हिडिओ लावून दिला. इंग्रजी बोलणारा एक शीडवाला, हेडफोन बिघडलेला, नेट असं की दर मिनिटाला चक्री फिरायची. सलीमभाईंनी आवाज नसताना दोन तास पाहिला. मी म्हटलं, "भाई, समजलं का काही?"

"त्याचे हात बोलून राहिले ना बेटा. तोंडाकडे कोण पाहते?"

आणि खरंच शिवलं. अगदी बरोबर पोटाचं. फक्त कापड दुकानातलं उरलेलं, मांडवाचं. एक पट्टा गुलाबी, एक पिवळा.

पहिल्यांदा शीड चढवलं त्या दिवशी काठावरच्या रस्त्यानं ट्रॅक्टर चालला होता. तो थांबला. वरचा माणूस उतरून आमच्याकडे आला आणि एकदम अदबीनं विचारलं, "लगन कोनाकडं हाय?"

* * *

गाठींची पण एक साइट आहे बरं का. दोरी आपोआप हलते, गाठ कशी बसते ते पायरीपायरीनं दाखवते. सरांनी त्यातल्या एका गाठीची आठ चित्रं छापून घेतली. ही गाठ म्हणे बोटवाल्यांची राणी. फास होते पण आवळत नाही, आणि हवी तेव्हा सुटते.

सर काठावर बसून चित्रं पाहून पाहून दोरी वळत होते. चौथ्या चित्रापर्यंत बरोबर यायचं, पाचव्याला सगळं सुटून हातात. शोभाताई डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन उभ्या. पाहत राहिल्या, पाहत राहिल्या. शेवटी भारा खाली ठेवला.

"आना इकडं."

एका हातानं, अगं. मी मोजलं नाही पण दोन सेकंद लागले असतील.

"गायीच्या गळ्यात दुसरी कोन्ती गाठ बांधान? आवळली तर गाय मरन ना."

सरांनी त्यांच्या हाताचे फोटो काढले आणि मला बोटवाल्यांच्या चर्चेच्या साइटवर, म्हणजे फोरमवर, टाकायला लावले. तिकडचे लोक खुश. एकानं विचारलं, या बाई कोणत्या सेलिंग स्कूलमध्ये शिकल्या?

मी शोभाताईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "लिव्ह, गोठा."

* * *

आता वाऱ्याचं ऐक, कारण कालच्या गोष्टीत वारा आहे.

वाऱ्याच्या साइट आम्ही तीन पाहतो. धरणाचं नाव एकीवर पण नाही, पण नकाशात बोट ठेवलं की त्या जागेचा वारा सांगतात. किती वाजता सुटणार, कुठून येणार, कधी पडणार. चांगला वारा असला की तारे देतात. एक तारा म्हणजे बरा, तीन तारे म्हणजे मजा. सर शनिवारी संध्याकाळी कॅफेत येऊन तिन्ही साइटचं वहीत उतरवून घ्यायचे आणि शोभाताईंना फोन करायचे, की उद्या आम्ही अमुक वाजता येतो.

एका शनिवारी शोभाताईंनी विचारलं, "सर, वारा पडन कवा, थे पन सांगते का तुमचं यंत्र?"

"सांगते ना."

"मंग थेच सांगत जा. मले फवारनी करा लागते. वाऱ्यात फवारलं का औषध झाडावर कमी अन् तोंडावर जास्त."

आम्हाला कधी सुचलंच नाही बघ. आम्ही तारे शोधत होतो, त्यांना बिनाताऱ्याचा दिवस पाहिजे होता. साइट तीच. तेव्हापासून सरांचा शनिवारचा फोन दोन भागांत. "सकाळी नवापर्यंत वारा नाही, फवारून घ्या. त्याच्यानंतर आम्ही येतो." मग शोभाताईंच्या शेजारच्यांनी नंबर घेतला, मग त्यांच्या शेजारच्यांनी. त्या साली गावात फवारणी करताना कोणाला चक्कर आली नाही, असं शोभाताई सांगतात. मी डॉक्टर नाही, पण सरांना गावात आता कोणी गावंडे म्हणत नाही. वारेवाले सर म्हणतात.

एकदा सर एसटीतून उतरल्या उतरल्या चौकात म्हणाले, "आज तीन तारे आहेत." सगळ्या पारावर असा चेहरा पडला, जसं काही कोणाचं वाईट झालं.

* * *

आणि हा आमचा सगळ्यात मोठा पराक्रम. धरणाचा नकाशा.

नेटवर एक खुला नकाशा आहे. कोणीही त्यात भर घालू शकते. समुद्राच्या भागात बोटवाल्यांनी खोली लिहून ठेवलेली असते, खडक दाखवलेले असतात. आमच्या धरणाच्या जागी नुसता निळा ठिपका. सरांना ते सहन झालं नाही. "म्हणजे इथं बोट चालवणाऱ्यानं डोळे मिटून चालवायचं का?"

एक दोरी घेतली, हातहातभर अंतरावर रंगाच्या खुणा केल्या, खाली तराजूचं पाच किलोचं वजन बांधलं. सर बोट थांबवणार, सलीमभाई वजन सोडणार आणि ओरडून सांगणार, "ग्यारह हाथ!" मी काठावर वही घेऊन. असे कित्येक रविवार. बुडालेली विहीर सापडली, बाभळीची खोडं सापडली, जुन्या गावाची एक भिंत सापडली. प्रत्येक ठिकाणी नकाशात एक लाल त्रिकोण. लाल त्रिकोण म्हणजे धोका, सुकाणू अडकेल.

आणि पाईप. काठाकाठानं बगीचेवाल्यांच्या मोटारी आहेत ना, त्यांचे काळे पाईप पाण्यात बरेच आत येतात, वरून दिसत नाहीत. आमची बोट दोनदा अडकली होती. सरांनी प्रत्येक पाईप मोजला, जागा घेतली. तेवीस पाईप, तेवीस त्रिकोण, प्रत्येकावर नंबर आणि 'पाईप' लिहिलेलं.

मी म्हटलं, "सर, या धरणावर बोट एकच आहे. आपली. आणि आपल्याला सगळे पाईप पाठ आहेत."

"आपल्याले आहेत. उद्या दुसरा कोणी आला तर?"

असा माणूस. कोणी येणार नाही हे माहीत असून, जो येणार नाही त्याला लागू नये म्हणून मोजणारा. मी टाकला नकाशा नेटवर. बटण मीच दाबलं.

* * *

आता काल.

या वर्षी पाणी कसं आहे ते तुला सांगायला नको. तुमच्या अकोल्यात नळ कितव्या दिवशी येतो ते तूच सांगत असते. आमच्या घरी आठव्या दिवशी, आणि ते पाणी याच धरणाचं. म्हणून हिवाळ्यापासून धरणातून मोटारीनं पाणी उचलायला बंदी. आणि शोभाताईंच्या झाडांवर फळ लागलेलं. बंदी सगळ्यांना माहीत होती, आणि मोटारी कुठं आहेत ते कोणी विचारत नव्हतं.

ऑफिसचे नवीन साहेब परवानगीसाठी बोट पाहायला आले. तरुण आहेत, नाशिककडचे. वाईट माणूस नाही, हे पण सांगते. बोटीवरून हात फिरवला, शिडाचं शिवण पाहिलं, सलीमभाईंना शाबासकी दिली. मग बॅगेतून एक कागद काढला. रंगीत प्रिंट. आमचा नकाशा.

"सर, मी तीन महिने बाईकवर काठाकाठानं फिरतोय. झुडपांतून काही दिसत नाही. आणि हे तुम्ही नेटवर टाकून ठेवलंय. तेवीसच्या तेवीस. मला आज बोटीतून एकेका खुणेपाशी न्या. मी पंचनामा लिहितो. परत आलो की तुमच्या कागदावर सही."

शोभाताई माझ्या बाजूलाच उभ्या होत्या. नऊ नंबरचा त्रिकोण त्यांचा. त्यांनी सरांकडे पाहिलं पण नाही. खाली पाहून पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

आणि सर खोटं बोलत नाहीत. म्हणजे येतच नाही त्यांना.

सर म्हणाले, "चला."

बोट काढायच्या आधी सर एक यादी मोठ्यानं वाचतात. सुरक्षेची यादी, फोरमवरूनच उतरवलेली. कालपण वाचली. साहेब लाइफ जॅकेटचे पट्टे आवळत होते.

"जॅकेट, दोन. शिट्टी, आहे. पिण्याचं पाणी, आहे. दोरी, आहे. वल्हं, नाही. वारा, दहापर्यंत आहे, मग पडणार, साडेबाराला परत येणार. तिन्ही साइट तेच सांगतात. साहेब, ऐकलं ना?"

"हो हो, चला."

मी वळून पाहिलं, तर वल्हं शेडच्या भिंतीला टेकून उभं. मी उचलायला गेली. सलीमभाईंनी माझं मनगट धरलं. हळूच म्हणाले, "रहने दे बेटा. सर ने पढ़ दिया ना."

साडेनऊला बोट निघाली. पहिली खूण पलीकडच्या काठाला. दहाला पाच कमी होते आणि बोट बरोबर धरणाच्या मधात होती, तेव्हा वारा पडला. शीड असं लोंबलं, जसं लग्न मोडल्यावरचा मांडव.

शोभाताईंनी शेजारच्या बगीचेवाल्याला मोबाईल लावला. एवढंच बोलल्या, "हो. मधात उभे हायेत. नाई, वल्हं इथं हाये."

दहा मिनिटांत काठ हलायला लागला बघ. कुठं बैलजोडी, कुठं ट्रॅक्टर, कुठं नुसती माणसं. काळे पाईप चिखलातून सरपटत वर येत होते.

बोटीत काय झालं ते सरांनी मला परत येताना एसटीत सांगितलं. साहेबांनी आधी हातानं पाणी मारून पाहिलं. मग फोन काढला, मधात रेंज नाही. मग डोळ्यांवर हात धरून काठाकडे पाहिलं.

"सर, ते लोक काय ओढतायत?"

"पाईप."

"का?"

"तुमी येऊन राहिले म्हणून."

ऊन वाढलं. सरांनी त्यांना पाणी दिलं, आपली टोपी दिली. मग दोघांनी शीड कसं धरायचं, सुकाणू कुठं दाबायचं यावर गोष्टी केल्या. साडेबाराला वारा आला तेव्हा सुकाणू साहेबांच्या हातात होतं. आम्ही काठावरून पाहत होतो. गुलाबी-पिवळं शीड फुगलं आणि बोट अशी वळली, अशी सरळ गेली की सलीमभाई म्हणाले, "माशाल्ला, हात अच्छा है लडके का."

आणि सरांनी शब्द पाळला. तेवीस खुणा दाखवल्या, एक सोडली नाही. साहेबांनी प्रत्येक ठिकाणी लिहिलं. पाईप आढळला नाही. पाईप आढळला नाही. चिखलात ओढल्याच्या ओल्या खुणा, त्यावर बैलांचे पाय, आणि पाईप आढळला नाही.

चार वाजता काठाला आले. चेहरा लाल, पण हसू पूर्ण लपत नव्हतं. भिंतीला टेकलेल्या वल्ह्याकडे त्यांची नजर गेली. तिथंच थांबली.

"सर, हे विसरलात?"

"नाही. वाचलं होतं मी. वल्हं, नाही, असं म्हटलं होतं."

साहेब शेडपुढच्या खाटेवर बसले. परवानगीचा कागद गुडघ्यावर घेतला. पेन काढलं, पण उघडलं नाही.

"म्हणजे सर, तुमचा नकाशा आता खोटा झाला."

आणि अगं, सरांचा चेहरा खरंच पडला. नाटक नाही. नकाशा खोटा म्हटलेलं त्यांना लागलं. विचार करून म्हणाले, "झाला. तेवीस जागी खोटा झाला. पाण्याचं असंच आहे, साहेब, आज एक, उद्या दुसरं. तो परत मोजा लागन. दर रविवारी मोजा लागन. अन् मोजाले बोट लागते."

मग शोभाताईंनी पहिल्यांदा मान वर केली. माठातलं पाणी साहेबांच्या पुढे ठेवलं आणि एकदम साध्या आवाजात विचारलं, "रविवारीच मोजान ना, सर?"

"रविवारीच."

म्हणजे बाकीचे सहा दिवस पाईपांचे. साहेबांनी सरांकडे पाहिलं. मग शोभाताईंकडे. मग बगीच्याकडे, जिथं झाडांची पानं दुपारी गुंडाळून बसली होती. मग माझ्याकडे पाहून विचारलं, "तुमच्या घरी नळ कितव्या दिवशी येतो?"

मी म्हटलं, "आठव्या."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं, कागदावर हात ठेवला आणि तसेच बसून राहिले.

आता तू सांग. त्या खाटेवर तू बसली असती, हातात ते पेन असतं, तर तू काय केलं असतं?